पाचवा मासा

होबार्ट कॉझी गेला तो अर्डेल सग्जच्या होडीत, आणि त्याच दिवशी अर्डेलने आयुष्यातले सगळ्यात मोठे पाच मासे वजनकाट्यावर ठेवले. आमच्याकडे हे कोणालाही विचारा, सांगेल. होबार्ट कसा गेला तेही सांगेल. शेवटचा धूड मासा त्याने जाळ्यात घेतला, हसला, खाली बसला आणि संपला. आता यातली ही दुसरी गोष्ट साफ खोटी. ती अर्डेलने रचली होती, सख्ख्या बहिणीसाठी, नेल्डासाठी; होबार्ट तिचाच नवरा. नेल्डाला खरं सांगायचं की तोंड मिटून मरायचं, एवढ्या एका विचाराने त्या माणसाचं अख्खं वर्ष खाल्लं.

अर्डेल म्हणजे कोणी मोठा नावाजलेला नव्हे बरं का. शर्टभर कंपन्यांची नावं शिवून टीव्हीवर मिरवतात ते निराळे. हा कोंबड्यांच्या कारखान्यात पट्टे आणि मोटारी दुरुस्त करणारा माणूस. अंगाला ग्रीसचा वास, बोलणं मोजकं, आणि जे बोलेल ते बहुतेक टोचूनच. आठवडाभर यंत्रांशी भांडायचं, शनिवारी गंटर्सविलच्या तलावावर होडी लोटायची आणि रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसून पेंगायचं. बायको कधीच सोडून गेली होती. जाताना म्हणाली होती, ''तुझ्या त्या होडीला दोन खुर्च्या आहेत, अर्डेल, पण त्यातली एकही माझी नाही.'' आणि खोटं काय बोलली ती?

दोघा भावंडांना मासेमारीचा नाद लावला तो बापाने. बाप मोज्यांच्या गिरणीत होता. सुट्टीच्या दिवशी वेताच्या काठ्या घेऊन पोरांना पुलाखाली बसवायचा आणि स्वतः झाडाला टेकून झोपायचा. अर्डेल सतत काठी हलवायचा, जागा बदलायचा, चिडचिड करायचा. नेल्डा मात्र दगडासारखी बसून राहायची, आणि संध्याकाळी तिच्या बादलीत दुप्पट मासे असायचे. बाप म्हणायचा, ''पोरगी माशाच्या डोक्यात शिरते. आणि तू, गड्या, पाण्यावर ओरडतोस.'' हे अर्डेलला जन्मभर झोंबलं. पुढे नेल्डाचं लग्न झालं, पोरं झाली, तिचं पाण्यावर जाणं सुटलं. पण गोष्टी कळायच्या कशा सुटतील? जेवणाच्या टेबलावर बसून ती सांगायची, आज वारा दक्षिणेचा आहे, मासा गवताच्या आतल्या कडेला आला असेल. आणि तो असायचाच.

मासेमारीच्या क्लबात अर्डेल चाळीस वर्षं होता. जोडीजोडीने खेळायची स्पर्धा. सकाळी उजाडताना सगळ्या होड्या सुटतात आणि दुपारी ठरल्या वेळेच्या आत परतायचं. जोडीने मिळून पाचच मासे आणायचे, तेही जिवंत, होडीतल्या पाण्याच्या हौदात. सहावा मोठा मिळाला तर लहान सोडून द्यायचा. वजन झालं की सगळे परत तलावात. वसंतातली मोठी स्पर्धा जिंकली की आमिषांच्या दुकानातल्या लाकडी फळीवर जोडीचं नाव कोरतात. त्या फळीवर तिथल्या न्हाव्याचं नाव आहे, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचं आहे, आणि ज्याला नीट गाठ मारता येत नाही अशा एका दंतवैद्याचंही आहे. अर्डेलचं नव्हतं. तीनदा दुसरा आला होता. दुकानात कॉफी प्यायला गेला तरी फळीकडे पाठ करून बसायचा.

होबार्ट त्याच्या उलट. गॅसच्या टाकीचा ट्रक चालवायचा, प्रत्येक घरी गॅस भरायला गेला की तासभर गप्पा ठोकूनच निघायचा. नेल्डाला भेटायला म्हणून पहिल्यांदा घरी आला तेव्हा याच्या हाताला गळ टोचलेला, रुमाल बांधलेला. अर्डेलने बघितलं आणि म्हणाला, ''माशाला दाखवायला आमिष लागतं, लेका. स्वतःचं बोट नाही.''

''तुझी बहीण गळाला लागली ना? मग झालं तर!'' होबार्ट म्हणाला.

तेव्हापासून दोघांची जोडी. अर्डेल पुढे, होडी हळू सरकवायची छोटी मोटार पायाने चालवत उभा. होबार्ट मागे. पुढच्याला ताजं पाणी मिळतं, मागच्याला त्याने विंचरलेलं. होबार्टने कधी हूं की चूं केलं नाही. जाळं धरायचं, हौदातलं पाणी खेळतं ठेवायचं, बोलोना सॉसेजची सँडविचं काढायची आणि कोकच्या बाटलीत खारे दाणे टाकून अर्डेलला द्यायचे, ही त्याची कामं. आणि बडबड. अर्डेलला बडबडीचा मनस्वी राग. एकदा ऐन वेळी होबार्टने ''अरे ते बघ, गरुड!'' म्हणून ओरडून बोट दाखवलं, अर्डेलने वळून पाहिलं, दोर सैल पडला आणि भला मोठा मासा सुटून गेला. त्या दिवशी अर्डेलने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. वर नियमच करून टाकला, की मासा दोराला असताना मागून काहीही आवाज आला तरी मी वळणार नाही.

''आणि होडीला आग लागली तर?'' होबार्टने विचारलं.

''तर आधी मासा आत घे, मग विझव.''

दोघंही हसले. मोठा गमतीचा नियम होता तो तेव्हा.

त्या वर्षी मार्चमध्ये स्पर्धेचा दिवस उजाडला तो ढगाळ आणि बोचरा. होबार्टचा चेहरा सकाळीच राखेसारखा दिसत होता. धक्क्यावर सगळ्यांनी ग्रेव्ही घातलेले मऊ बिस्किट-पाव खाल्ले, याने आपल्या पुड्याचा कागद उघडला नाही.

''काय रे, नेल्डाने काल काय खायला घातलं?'' अर्डेल म्हणाला.

''जळजळतंय जरा. गोळी घेतलीय.''

''मग घरी थांबायचं होतंस.''

''आणि तू एकटा पुन्हा दुसरा आला असतास, ते? चल, ढकल होडी.''

अर्डेल थांबला नाही. त्यालाही दिसत होतं की मेहुण्याची तब्येत काही ठीक नाही, पण आदल्या आठवड्यात त्याला तलावाच्या हनीकट नावाच्या फाट्यात पाण्याखालच्या गवताचा एक पट्टा सापडला होता, आणि त्यात काय भरलंय हे त्याला एकट्याला माहीत होतं. त्या पट्ट्यापुढे मेहुण्याची जळजळ त्याला काय मोठी वाटणार?

तिथे करायचं असं असतं. लाल रंगाचा खुळखुळा, पोटात छर्रे भरलेलं खोटं आमिष ते, दूर फेकायचं, गवतात अडकू द्यायचं आणि झटक्याने उपटायचं. उपटताना जो खुळखुळ आवाज होतो त्याने मासा पिसाळतो. आणि एक लागला की दुसरे जागे होतात. त्या भरात पुन्हा त्याच ठिकाणी फेकलं तर मिळतात. जरा रेंगाळलात की पाणी मेलं. पट्टीचा माणूस म्हणून तर आधीचा मासा होडीत पडताच, तो हौदात सोडायच्याही आत, पुन्हा फेकतो. आमच्याकडे पोरांना हेच शिकवतात, अर्डेललाही कोणीतरी शिकवलं होतं आणि त्याने चाळीस वर्षं ते घोटलं होतं.

दुपारपर्यंत हौदात तीन मासे होते, तिन्ही चांगले. मग वारा पडला आणि तासभर काही नाही. होबार्ट मागे गप्प होता. अर्डेलला बरं वाटलं, म्हणाला, ''आज तोंडाला कुलूप कसं काय? असाच राहिलास तर जिंकू.'' आणि तेवढ्यात दोर गच्च झाला.

मासा मोठा होता. अर्डेल ओरडला, ''जाळं! होबार्ट, जाळं आण!'' खुर्ची करकरली. पावलं वाजली, दोन की तीन. मग धप्प आवाज झाला, होडी एका अंगाला कलली. अर्डेलला वाटलं, हा बावळट पुन्हा घसरला. मासा होडीखाली शिरू बघत होता. मागून आवाज आला, ''अर्डेल.'' हळू, घोगरा. असा आवाज होबार्टचा कधी नसायचा.

''थांब रे जरा!''

मासा वर आला. अर्डेल गुडघ्यावर बसला आणि जबड्यात अंगठा घालून त्यानेच तो उचलला. पुन्हा आवाज आला. ''अर्डेल.'' यावेळी तर नावही पुरतं उच्चारलं गेलं नाही.

अर्डेलला ऐकू गेलं. इथे त्याला सूट देऊ नका, तो स्वतःलाही देत नाही. ऐकू गेलं, आणि हा होबार्टचा नेहमीचा आवाज नव्हे हेही कळलं. पण समोर गवतावर पाणी उकळत होतं, छोटे मासे बाहेर उड्या मारत होते, म्हणजे खाली मोठे जागे झाले होते. चाळीस वर्षांत असं पाणी त्याने पाहिलं नव्हतं. त्याने चौथा मासा पायाशी टाकला, गळ सोडवला आणि फेकलं. एकदाच, मग वळतो, असं मनाशी म्हणत. आणि त्या एका फेकीला नऊ पौंडांचा मासा लागला.

तो आणायला वेळ लागला. तेवढ्यात मागून बुटाची टाच होडीच्या तळावर घासल्यासारखा आवाज येत होता, मग तोही थांबला. मासा आत आला. मग अर्डेल वळला.

होबार्ट कुशीवर पडला होता. जाळ्याचा दांडा मुठीत. डोळे उघडे, पुढच्या बाजूला लागलेले. अर्डेलने त्याला उताणं केलं, छाती दाबली, नाव घेऊन हाका मारल्या, शिव्या दिल्या, रडला. फोन केला. पायाशी दोन मासे आपटत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण या माणसाने मध्येच ते दोन्ही उचलून हौदात टाकले. का टाकले, हे त्याला आजही सांगता येत नाही. हातांना सवय होती, एवढंच.

धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती आणि नेल्डाही पोचली होती, एप्रन अंगावर तसाच. तिला कोणीतरी धरलं होतं. ती ओरडली नाही. अर्डेलच्या जवळ आली, त्याची बाही पकडली आणि म्हणाली, ''तडफडला का रे तो?''

त्याक्षणी खरं बोलायला कोणाची जीभ वळली असती? अर्डेल म्हणाला, ''नाही गं. मोठा मासा होता, त्यानेच जाळ्यात घेतला. हसला. म्हणाला, बापरे. आणि बसला, आणि... वळून बघतो तर गेलेला.''

नेल्डाने डोळे मिटले. ''देवाची कृपा,'' ती म्हणाली. ''मासा तरी बघितला त्याने.'' अर्डेलला तिथेच धरणीने गिळावं असं वाटलं.

क्लबचा प्रमुख रेफर्ड प्यू हा मनाने चांगला माणूस, पण कुठे काय करावं हे त्याला कधी कळलं नाही. त्याने सगळ्यांसमोर टोपी काढली आणि म्हणाला, होबार्टचा शेवटचा दिवस वाया जाऊ द्यायचा नाही, मासे मोजायचे. अर्डेल नको म्हणाला नाही. पाच मासे काट्यावर चढले आणि क्लबच्या इतिहासात एवढं वजन झालं नव्हतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, माणसं रडत होती.

आता आमच्याकडे जिंकणाऱ्याची खोटं पकडायच्या यंत्रावर परीक्षा होते. हसू नका. बक्षीस लहान असलं तरी होते, कारण माशाच्या बाबतीत आमच्याकडे कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. रेफर्ड म्हणाला, ''अर्डेल, या वेळी राहू दे. कोणाच्या मनात काही नाही.''

अर्डेल म्हणाला, ''नाही. बसवा मला.''

लोकांना वाटलं, काय माणूस आहे! घरात प्रेत आहे तरी नियमाला धरून चालतो. खरी गोष्ट अशी की अर्डेलला आशा होती. त्याला वाटत होतं, यंत्राला सगळं कळतं. ते विचारेल, मग बोलावंच लागेल, मग ओझं उतरेल. शेरिफच्या कचेरीतून निवृत्त झालेला एक म्हातारा त्या यंत्राचा माणूस. त्याने छातीला पट्टे बांधले, बोटांना तारा लावल्या आणि खाकरून विचारलं. हे मासे तुम्हीच पकडले का? आजच, याच तलावात पकडले का? गळानेच पकडले का? कोणाकडून घेतले नाहीत ना? अर्डेल उत्तरं देत गेला. सगळी खरी होती. मग म्हाताऱ्याने तारा गुंडाळायला घेतल्या.

''झालं?'' अर्डेलने विचारलं.

''झालं. स्वच्छ आहात तुम्ही.''

''अजून काही विचारायचं नाही?''

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. ''माशांबद्दल अजून काय असतं, साहेब?''

अंत्यविधी झाला. चर्चच्या बायकांनी कॅसरोलची भांडी आणून नेल्डाचा ओटा भरून टाकला. डॉक्टर अर्डेलशी एकांतात बोलला तेव्हा याने चाचरत विचारलं, की लगेच छाती दाबली असती तर? डॉक्टर म्हणाला, ''पाण्यावर होतात तुम्ही. सांगता येत नाही. वाचलाही असता, नसताही वाचला. तुम्ही लगेचच केलंत ना, मग मनाला लावून घेऊ नका.'' चांगलं बोलायला गेला बिचारा, आणि खिळा आणखी आत ठोकून गेला.

मग क्लबने त्या नऊ पौंडी माशाची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली आणि नेल्डाला दिली. तिने ती दिवाणखान्यात लावली. होबार्टचा मासा म्हणायची तिला. दर रविवारी चर्चनंतर अर्डेलला तिच्याकडे जेवायला जावंच लागे, आणि त्याची खुर्ची नेमकी त्या माशासमोर. पाहुणे आले की नेल्डा म्हणायची, ''अर्डेल, सांग ना यांना.'' आणि अर्डेल सांगायचा. काय करेल? सांगता सांगता गोष्टीला पालवी फुटत गेली. होबार्ट 'बापरे' म्हणाला होता, तो पुढे म्हणू लागला, ''नेल्डाला सांग, हा तिच्या बापाच्या सगळ्या माशांपेक्षा मोठा आहे.'' हे ऐकून नेल्डा हसली, हसता हसता रडली आणि उठून भावाच्या कपाळाचा मुका घेतला. त्या दिवशी अर्डेल गाडीपर्यंत पोचला आणि तिथेच ओकला.

तो वाळत चालला. होडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली ती तशीच. कारखान्यात कोणी मागून नाव घेऊन हाक मारली की दचकायचा, हातातली पक्कड पाडायचा. पोरं मागून मुद्दाम हाका मारायला लागली तेव्हा मुकादमाने त्यांना दम भरला. कितीदा तो ठरवून नेल्डाच्या दारात गेला, आणि तिने ''ये रे, कोबी केलाय तुझ्या आवडीचा,'' म्हटलं की सगळं धैर्य बुटांत उतरायचं. सांगून काय मिळणार होतं? तिचा नवरा परत येणार होता? नुसतं आपलं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर द्यायचं. असं म्हणून तो मूग गिळायचा. आणि आपण भित्रे आहोत म्हणून गप्प बसतो, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा मार्च आला. रेफर्डने जाहीर केलं की वसंताच्या स्पर्धेला आता होबार्टचं नाव द्यायचं, आणि सुरुवातीला नेल्डाने दोन शब्द बोलायचे. स्पर्धेआधीच्या आठवड्यात एका दुपारी तिने अर्डेलला बोलावलं. स्वयंपाकघरात गार चहाचा जग टेबलावर, बर्फ वितळत आलेला. नेल्डा उभी, हात पुसत.

''बस. मी म्हणून दाखवते. चुकलं तर सांग. मला लोकांसमोर अडखळायचं नाहीये.''

''तू अडखळत नाहीस कधी,'' अर्डेल म्हणाला.

''ऐक तर.'' तिने घसा साफ केला. मग तिने ती गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून, सकाळच्या गोळीपासून. होबार्टने जाळं कसं पाण्यात घातलं, पाणी कसं उडालं, तो कसा हसला आणि काय म्हणाला. अर्डेलचेच शब्द, पण ते नेल्डाच्या तोंडून आले तेव्हा खरे वाटत होते. ते तिने वर्षभर उशाशी घेतले होते. शेवटी ती म्हणाली, ''माझ्या नवऱ्याने जाताना वेदना पाहिली नाही, मासा पाहिला. आणि त्याच्याजवळ माझा भाऊ होता. बायकोला याहून जास्त काय मागता येतं?''

तिने भावाकडे पाहिलं. ''बरोबर आहे ना? काही राहिलं का?''

अर्डेलने हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि समोरचा जग दूर सरकवला.

''अर्डेल? काय झालं रे?''

''त्याने जाळ्यात नाही घेतला तो,'' अर्डेल म्हणाला.

''म्हणजे?''

''तो आधीच पडला होता. मला... आवाज आला होता, नेल्डा. त्याने हाक मारली. दोनदा. मी वळलो नाही.''

हातातल्या फडक्याची तिने घडी घातली, पुन्हा उलगडली. अर्डेल वाट बघत होता की ती ओरडेल, जग फेकून मारेल, काहीतरी. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. जेव्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पुलाखालच्या त्या पोरीचा होता, सगळं नीट बघून घेणारा.

''तो पडला तेव्हा हौदात किती होते?''

अर्डेलने मान वर केली. दुसऱ्या कोणी हे विचारलं नसतं. डॉक्टरने नाही, पाद्र्याने नाही, त्या यंत्रवाल्यानेही नाही.

''तीन,'' तो म्हणाला.

तिला हिशेब करावा लागला नाही. काट्यावर पाच चढताना ती तिथेच उभी होती.

''चौथा तुझ्या दोराला होता,'' नेल्डा म्हणाली. ''ते मला कळतं. मासा दोराला असला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मलाही सुचलं नसतं कदाचित. मी रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या आणि एक दिवस माफ केलं असतं.'' ती थांबली. ''पण पाचवा तुला फेकावा लागला, अर्डेल. हात मागे नेऊन फेकावा लागला. तो मागे पडलेला असताना.''

''मला वाटलं, एकदाच...''

''गप्प बस.''

तिचा चेहरा आता फाटल्यासारखा झाला होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरून होती. ''किती वेळ तो एकटा होता, हे मी तुला विचारणार नाही,'' ती म्हणाली. ''नऊ पौंडांचा मासा त्या गवतातून काढायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.''

अर्डेल रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. तिने त्याला रडू दिलं. जवळ गेली नाही.

''शनिवारी मी हेच बोलणार आहे,'' शेवटी ती म्हणाली. ''जे आत्ता म्हणून दाखवलं तेच. पोरांना, नातवंडांना, गावाला हेच माहीत राहील. होबार्टसाठी. कुत्र्यासारखा होडीच्या तळाला पडून हाका मारत मेला, असं कोणी त्याच्याबद्दल म्हणायचं नाही. तू माझ्या शेजारी उभा राहशील. आणि त्यानंतर माझ्या दारात यायचं नाही.''

''नेल्डा...''

''जा आता. मला त्याच्याजवळ बसू दे.'' ती दिवाणखान्यात गेली. होबार्टची रिकामी आरामखुर्ची होती तिथे, तिच्यापाशी. पण बसली ती माशाकडे पाठ करून.

शनिवारी धक्क्यावर उजाडायच्या बेतात होतं. होड्या रांगेत, पुढचे लाल हिरवे दिवे लागलेले, माणसं कॉफीचे कप घेऊन उभी. रेफर्डने ध्वनिक्षेपक नेल्डाच्या हातात दिला. ती अडखळली नाही. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी 'त्याच्याजवळ माझा भाऊ होता' हे म्हणताना तिने अर्डेलचा हात धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तिची बोटं बर्फासारखी होती. टोप्या काढलेली दांडगी माणसं डोळे पुसत होती. कोणीतरी अर्डेलच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, भाऊ असावा तर असा.

मग रेफर्डने पहिल्या होडीचा नंबर पुकारला, मोटारी सुरू झाल्या आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. नेल्डाने हात सोडला. गाडीकडे चालत गेली, आत बसली, काच वर केली. अर्डेल धक्क्यावर होता तिथेच उभा राहिला, आणि ती वळून न बघता निघून गेली.